काळ्या पडद्यावरचा मेल: मट आणि विम आपल्या सोयीचे कसे करून घ्यायचे

हल्ली मेल उघडायला गेलं की मेलच्या आधी बाकीचंच खूप काही समोर येतं. सारांश करून देऊ का, उत्तर लिहून देऊ का, ही नवी सोय बघितली का. या गर्दीला कंटाळून काही लोक टर्मिनलकडे वळतात. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना जाहिरात ना चित्र. कुणीतरी सांगितलेलं असतं की मट नावाचा मेलचा प्रोग्रॅम वापर, सोबत मजकूर लिहायला विम शिकून घे, आयुष्य बदलेल.

मग मट उघडतात. पहिला मेल वाचताना खाली सरकायला इंग्रजी 'जे' दाबलं की ओळ सरकण्याऐवजी पुढचा मेलच उघडतो. खालचा बाण दाबला तरी तीच गत. उत्तर लिहायला घ्यावं तर संपूर्ण पडदा विमच्या ताब्यात जातो आणि त्यातून बाहेर कसं पडायचं ते कळत नाही. दहा मिनिटांत माणूस ठरवून मोकळा होतो की हे आपल्यासाठी नाही, प्रोग्रॅमर मंडळींनाच लखलाभ.

माझं मत वेगळं आहे. त्या दहा मिनिटांत जो त्रास झाला तो जवळजवळ सगळा मूळ सेटिंगचा आहे आणि पंधरा-वीस ओळींत घालवता येतो. त्या ओळी कोणत्या आणि का, ते बघू.

## मट म्हणजे नक्की काय

आधी चार शब्द. टर्मिनल म्हणजे ज्या खिडकीत माउसऐवजी अक्षरं टाइप करून संगणकाला काम सांगतात ती. मेल क्लायंट म्हणजे सर्व्हरवरचा मेल आपल्याला दाखवणारा आणि आपला मेल सर्व्हरकडे सोपवणारा प्रोग्रॅम. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. आणि कॉन्फिग फाइल म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल, जिच्यात 'हे असं कर' अशा ओळी लिहून ठेवल्या की प्रोग्रॅम सुरू होताना त्या वाचून घेतो.

नेहमीच्या मेल ॲपमध्ये मेल आणणं, दाखवणं, लिहिणं, पाठवणं हे सगळं एकाच पोटात असतं. मट म्हणजे नुसतं टेबल समजा, ज्यावर आलेली पत्रं मांडून वाचायची. पत्र कोणत्या पेनाने लिहायचं ते मट ठरवत नाही, ते पेन म्हणजे एडिटर, तो तुम्ही द्यायचा. पत्रं टेबलापर्यंत कुणी आणायची हेही बदलता येतं. मट स्वतः आयमॅप पद्धतीने थेट सर्व्हरशी बोलू शकतो, किंवा एमबीसिंक नावाचा वेगळा प्रोग्रॅम मेल आधी आपल्या संगणकावर उतरवून ठेवतो आणि मट तिथून वाचतो. पाठवायचं कामही मट स्वतः करतो, नाहीतर एमएसएमटीपीसारख्या मदतनिसाकडे देतो.

ही वाटणी लक्षात आली की निम्मा गोंधळ संपतो. मेल लिहिताना अडलात तर प्रश्न एडिटरचा. यादीत किंवा वाचताना अडलात तर प्रश्न मटचा. पडदा दोघांचा सारखाच काळा असल्यामुळे नवख्याला हे कळत नाही आणि तो मटचं उत्तर विमच्या मदतपानात शोधत बसतो.

## हे इतकं विचित्र का वागतं

व्हीआय हा विमचा पूर्वज. बिल जॉय यांनी तो 1976 च्या सुमारास लिहायला घेतला तेव्हा त्यांच्यासमोर एडीएम-3ए नावाचं टर्मिनल होतं. त्याच्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणं नव्हती. एच, जे, के, एल याच चार अक्षरांवर बाण छापलेले होते. म्हणून आजही विममध्ये 'जे' खाली नेतं आणि 'के' वर नेतं. ब्राम मूलेनार यांनी 1991 मध्ये विम लोकांसाठी खुला केला आणि ही सवय पुढे चालू राहिली.

मट आला 1995 मध्ये. मायकेल एल्किन्स यांनी तो लिहिला आणि त्याचं बोधवाक्यही प्रामाणिक आहे: सगळेच मेल क्लायंट टाकाऊ असतात, हा जरा कमी. त्याची बटणं काही अंशी एल्म आणि पाइन या आधीच्या मेल प्रोग्रॅमांच्या वळणाने गेली. म्हणजे पेन एका घराण्याचं आणि टेबल दुसऱ्या. दोघांची बटणं जुळवून देणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं, ते तुमच्यावर सोडलेलं आहे. 2016 मध्ये निओमट ही मटची शाखा निघाली. तिच्यात सोयी जास्त आहेत, पण इथे सांगितलेल्या जवळपास सगळ्या ओळी दोन्हीकडे चालतात, त्यामुळे कोणता घ्यावा यावर डोकं शिणवू नका.

## सुरुवातीच्या ओळी

मटची कॉन्फिग फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये असते. नाव टिंबापासून सुरू होतं आणि पुढे 'मटआरसी'. या लेखात सेटिंगची नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलीत ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची आणि एका नावातल्या दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर द्यायचा. 'सेट', 'बाइंड' अशा आज्ञांनंतर मात्र नुसती मोकळी जागा. जिथे आडवी रेघ दाखवली आहे तिथे आडवी रेघच.

फाइलीला हात लावण्याआधी एक युक्ती. मट चालू असताना विसर्गचिन्ह, म्हणजे कोलन (:), दाबलं की खाली एक ओळ उघडते. तिथे कोणतंही सेटिंग लिहून एंटर केलं की ते लगेच लागू होतं, आणि मट बंद केला की विसरलं जातं. पटलं तर फाइलीत लिहा, नाही पटलं तर सोडून द्या. शिवाय 'सेट ?सॉर्ट' असं प्रश्नचिन्ह लावून विचारलं तर त्या सेटिंगची आत्ताची किंमत कळते. मेल चुकून उडेल अशी धास्ती असेल तर मट सुरू करताना उणे चिन्ह आणि कॅपिटल 'आर' जोडा. पेटी फक्त वाचण्यासाठी उघडते, मग काहीही दाबा.

तशीही मटमध्ये 'डी' दाबल्याने मेल लगेच जात नाही. त्याच्यावर फक्त खूण होते. 'यू' दाबलं की खूण निघते. प्रत्यक्ष सफाई होते ती डॉलरचं चिन्ह दाबल्यावर किंवा बाहेर पडताना, आणि बाहेर पडताना तो विचारतोही.

आता चिडचिड घालवणाऱ्या ओळी.

फोल्डर बदलताना मट खाली एखादा संदेश दाखवून एक सेकंद थांबतो, का तर तुम्हाला तो वाचता यावा. दिवसात पन्नास वेळा हा सेकंद बोचतो. 'सेट स्लीप टाइम = 0'.

मोठी पेटी उघडायला दर वेळी वेळ लागतो, कारण प्रत्येक मेलचा मथळा, म्हणजे कुणाकडून, कधी, विषय काय ही माहिती, सर्व्हरवरून पुन्हा मागवला जातो. 'हेडर कॅश' या सेटिंगला एखाद्या फोल्डरचा पत्ता द्या. पहिल्यांदा तेवढाच वेळ लागेल, नंतर फक्त नव्या मेलांचे मथळे येतील. हजारोंनी मेल असणाऱ्यांसाठी ही एकच ओळ मट वापरण्याजोगा करते, बाकी सगळं नंतर.

न वाचलेल्या मेलपुढे 'एन' अशी खूण असते. पेटी बंद करून परत आलात की तोच मेल अजून न वाचलेला असला तरी खूण 'ओ' होते, म्हणजे जुना पण न वाचलेला. हा भेद कुणाला उपयोगी पडत असेल तर असो, बहुतेकांना वाटतं की मेल कुणीतरी वाचला. 'सेट मार्क ओल्ड = नो' केलं की 'एन' तसाच राहतो.

लांब ओळ तुटली की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला मट अधिकचं चिन्ह लावतो. दुवा किंवा मजकूर कॉपी करताना ते चिन्हही सोबत येतं आणि घोळ होतो. 'सेट मार्कर्स = नो'.

एका विषयावरची देवाणघेवाण एकत्र दिसण्यासाठी 'सेट सॉर्ट = थ्रेड्स'. मेल वाचताना वरच्या भागात यादीच्या दहा ओळी दिसत राहाव्यात असं वाटत असेल तर 'सेट पेजर इंडेक्स लाइन्स = 10'. हे नसेल तर आपण यादीत कुठे आहोत त्याचा पत्ता लागत नाही, आणि मोठ्या पडद्यावर अर्धी जागा वाया जाते ती वेगळीच.

उत्तर देताना मट कुणाला, विषय काय, मूळ मजकूर घेऊ का, असे प्रश्न एकामागून एक विचारतो. 'फास्ट रिप्लाय' आणि 'इन्क्लूड' ही दोन्ही सेटिंगं 'येस' केली की सरळ एडिटर उघडतो. त्याच्या जोडीला 'एडिट हेडर्स = येस' हवंच. मग कुणाला, कॉपी कुणाला, विषय काय, या सगळ्या ओळी एडिटरमध्येच वर दिसतात आणि तिथेच बदलता येतात. याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. त्याच मथळ्यांमध्ये 'अटॅच' शब्द, विसर्गचिन्ह आणि फाइलीचा पत्ता अशी ओळ लिहिली की फाइल जोडली जाते. फाइलीच्या नावात मोकळी जागा असेल तर तिच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, एवढं सांभाळा.

फाइल जोडायचीच विसरणाऱ्यांसाठीही सोय आहे. 'अबॉर्ट नोअटॅच' हे सेटिंग 'आस्क-येस' ठेवलं की मजकुरात जोडणीचा उल्लेख आहे पण फाइल नाही, असं दिसताच मट थांबवतो. गंमत अशी की मुळात तो फक्त इंग्रजी 'अटॅच' शोधतो. 'सोबत अहवाल जोडला आहे' असं लिहून रिकामा मेल पाठवलात तर त्याला पत्ताही लागणार नाही. कोणता शब्द शोधायचा हे याच नावाच्या जोड-सेटिंगमध्ये बदलता येतं. तिथे उभ्या रेघेने वेगळे करून 'जोडल' आणि 'सोबत' घाला. 'जोडल' अर्धाच ठेवायचा, म्हणजे जोडला, जोडली, जोडलं, जोडलेली सगळे त्यात सापडतात.

## एकाच बटणाचे दोन अर्थ

आता मूळ दुखणं. विमची सवय असलेल्या माणसाची बोटं 'जे' म्हणजे एक ओळ खाली असंच मानतात. मटच्या यादीत तसंच होतं. पण मेल उघडून वाचताना, म्हणजे ज्याला मट पेजर म्हणतो त्या भागात, 'जे' म्हणजे पुढचा मेल. एक ओळ खाली जायला तिथे एंटर आहे आणि पानभर जायला स्पेस.

उपाय दोन ओळींचा: 'बाइंड पेजर जे नेक्स्ट-लाइन' आणि 'बाइंड पेजर के प्रीव्हियस-लाइन'. बाइंड म्हणजे अमुक भागात अमुक बटणाने अमुक काम. बाणांसाठी हेच करायचं असेल तर बटणाच्या जागी कोनी कंसांत 'डाउन' आणि 'अप' लिहायचं.

इथवर सोपं आहे. पुढची पायरी मात्र सांभाळून टाका. विममध्ये दोनदा 'जी' दाबलं की सर्वांत वर जातात आणि कॅपिटल 'जी' दाबलं की सर्वांत खाली. मटमध्येही तसंच हवं म्हणून लोक 'जीजी'चं बाइंड करतात. पण मटमध्ये एकटा 'जी' म्हणजे सर्वांना उत्तर. 'जीजी' बसवलं की तो एकटा 'जी' जातो, आणि चार जणांच्या मेलला आपण एकालाच उत्तर देत राहतो. म्हणून 'जीजी' घेतलं तर सर्वांना उत्तर देण्याचं काम लगेच दुसऱ्या बटणावर बांधा. कॅपिटल 'आर' चांगलं आहे. त्यावर मुळात अर्धवट ठेवलेला मेल परत उघडायचं काम असतं, पण नवीन मेलसाठी 'एम' दाबलं की मट तसाही विचारतो की अर्धवट मेल पडून आहे, तो घेऊ का.

कोणत्या भागात कोणतं बटण काय करतं हे प्रश्नचिन्ह दाबलं की त्या भागापुरतं दिसतं. तुम्ही बदललेली बटणंही त्यात येतात. पाठांतर करायची गरज नाही.

## एडिटर: विमच हवा का?

नाही. मेल लिहिण्यापुरता नॅनो हा साधा एडिटर पुरतो, आणि मी नवख्याला तोच सुचवेन. नॅनोच्या 8.0 या 2024 च्या आवृत्तीत 'मॉडर्नबाइंडिंग्ज' हा पर्याय आला. मटच्या 'एडिटर' सेटिंगमध्ये नॅनोच्या नावापुढे दोन आडव्या रेघा आणि हा शब्द लावला की कंट्रोल-सी ने कॉपी, कंट्रोल-व्ही ने पेस्ट, कंट्रोल-एस ने सेव्ह, कंट्रोल-क्यू ने बाहेर. दुसरीकडे शिकलेलं सगळं इथेही चालतं.

विमची मजा मात्र उत्तरं लिहिताना कळते. लांबलचक मेलमधला नको तो परिच्छेद काढायला त्यावर जाऊन 'डी', 'ए', 'पी' ही तीन बटणं पुरतात. वेडावाकडा तुटलेला परिच्छेद नीट बसवायला 'जी', 'क्यू', 'ए', 'पी'. दिवसाला तीस उत्तरं लिहिणाऱ्याला याची किंमत कळते, तीन लिहिणाऱ्याला कळायचं काही कारण नाही.

विम घेणार असाल तर एक खड्डा आधीच दाखवतो. विम 8 पासून, ज्यांच्याकडे स्वतःची कॉन्फिग फाइल नाही त्यांच्यासाठी काही समंजस सेटिंगं आपोआप चालू होतात. रंग दिसतात, फाइलीचा प्रकार ओळखला जातो. ज्या क्षणी तुम्ही स्वतःची फाइल तयार करता, मग तिच्यात एकच ओळ का असेना, त्या क्षणी ती सगळी सेटिंगं बंद होतात. लोक एक सोय वाढवायला जातात आणि पाच गमावतात, वर कळतही नाही काय झालं. म्हणून फाइलीची पहिली ओळ 'सोर्स' लिहून पुढे विमच्या रनटाइम फोल्डरातल्या 'डिफॉल्ट्स.विम'चा पत्ता. निओविम या विमच्या शाखेत ही भानगड नाही.

फाइलीचा प्रकार ओळखला गेला की विमला कळतं की हा मेल आहे. मग तो ओळीची रुंदी 72 अक्षरं धरतो आणि तिथे ओळ मोडतो. जुन्या टर्मिनलची रुंदी 80 अक्षरं असायची. उत्तरं देताना ओळीआधी कोनी चिन्हं वाढत जातात, त्यांना जागा राहावी म्हणून 72. पण फोनच्या अरुंद पडद्यावर अशा ओळी एक लांब, एक आखूड अशा कातरलेल्या दिसतात. यावर 'फॉरमॅट फ्लोड' नावाची पद्धत आहे. ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा सोडली की वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कळतं, परिच्छेद अजून चालू आहे, ओळी जोडून घे. मटमध्ये 'टेक्स्ट फ्लोड = येस' आणि विमच्या 'फॉरमॅटऑप्शन्स' या सेटिंगमध्ये डब्ल्यू अक्षर वाढवायचं. ही खूण सगळे मेल प्रोग्रॅम पाळत नाहीत, त्यामुळे समोरच्याकडे नेमकं कसं दिसेल याची खात्री नाहीच. तरी नसल्यापेक्षा बरं.

'एडिट हेडर्स' चालू केल्यावर कर्सर सर्वांत वर, मथळ्यांवर बसतो आणि मजकुरापर्यंत दर वेळी खाली यावं लागतं. मटच्या 'एडिटर' सेटिंगमध्ये विमच्या नावापुढे एक जागा सोडून +/^$ एवढी चार चिन्हं लिहा आणि सगळं एकेरी अवतरणात ठेवा. अर्थ असा की उघडल्यावर पहिल्या रिकाम्या ओळीवर जा. मथळे संपून मजकूर सुरू होण्याआधी एक रिकामी ओळ असतेच, म्हणून ही युक्ती चालते.

आणि बाहेर पडणं. एस्केप, मग विसर्गचिन्ह, डब्ल्यू, क्यू, एंटर केलं की मजकूर ठेवून बाहेर. मेल तेवढ्याने जात नाही. मट एक आढाव्याचा पडदा दाखवतो, तिथे 'वाय' दाबल्यावरच जातो. मुळीच लिहायचं नसेल तर डब्ल्यू वगळून क्यू आणि उद्गारचिन्ह. काही बदललंच नाही असं पाहून मट तो मेल सोडून देतो.

## पण आजचे मेल तर चित्रांचे आणि रंगांचे असतात

असतात, आणि मट ते स्वतः दाखवू शकत नाही. त्यासाठी 'मेलकॅप' नावाची आणखी एक छोटी फाइल लागते. कोणत्या प्रकारची गोष्ट कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची त्याची ती यादी असते. एचटीएमएल मजकूर डब्ल्यू3एम या टर्मिनल ब्राउझरकडे द्यायचा, त्याने त्यातला साधा मजकूर काढून द्यायचा, आणि मटमध्ये 'ऑटो व्ह्यू' लावून हे आपोआप करायला सांगायचं. एकाच मेलमध्ये साधा आणि सजवलेला असे दोन्ही मजकूर असतील तर साधा आधी दाखव, हे 'अल्टरनेटिव्ह ऑर्डर' ने सांगता येतं.

बिल, पावती, तिकीट, सूचना हे असं छान वाचता येतं. नुसतं चित्रच असलेलं निमंत्रण वाचता येत नाही, त्यासाठी 'व्ही' दाबून जोडण्यांची यादी उघडायची आणि ते बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये बघायचं. बदल्यात एक गोष्ट फुकट मिळते. जाहिरातीच्या मेलमध्ये बऱ्याचदा एक न दिसणारं चित्र असतं, ते उतरवलं गेलं की पाठवणाऱ्याला कळतं तुम्ही मेल उघडला. इथे चित्रं उतरवलीच जात नाहीत. डब्ल्यू3एमला दुव्यांना क्रमांक द्यायचा पर्याय लावला तर शेवटी प्रत्येक दुव्याचा खरा पत्ता छापून येतो. 'इथे क्लिक करा'च्या मागे भलताच पत्ता असेल तर तो तिथे उघडा पडतो.

## पासवर्ड फाइलीत लिहून ठेवायचा?

मुळीच नाही, जरी असंख्य नमुना फाइलींमध्ये तो तसा लिहिलेला दिसला तरी. दोन अडचणी आहेत. पहिली, तो उघड्या अक्षरांत पडून राहतो. दुसरी, मोठ्या मेल सेवांमध्ये नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रॅममध्ये चालतच नाही. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डाने बाहेरच्या ॲपला प्रवेश देणं 30 मे 2022 पासून बंद करायला घेतलं. 'पासवर्ड बरोबर आहे तरी मट आत घेत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

जीमेलच्या बाबतीत सोपा मार्ग ॲप पासवर्डचा. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग गुगल एका ॲपपुरता 16 अक्षरांचा वेगळा पासवर्ड देतं. तो हवा तेव्हा रद्द करता येतो, मुख्य पासवर्डाला धक्का लागत नाही. संस्थेच्या खात्यांवर हा मार्ग अनेकदा बंद असतो. तिथे ओऑथ ही पद्धत, म्हणजे ब्राउझरमध्ये एकदा परवानगी देऊन मिळणारी तात्पुरती किल्ली. मटसोबत त्यासाठी एक पायथन स्क्रिप्ट येते, पण ती बसवणं हे या सगळ्यातलं खरोखर किचकट काम आहे. संस्थेच्या आयटी विभागाची परवानगीही लागू शकते.

मिळालेला पासवर्ड जीपीजी या फाइली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमने बंद केलेल्या फाइलीत ठेवायचा. मटच्या 'सोर्स' आज्ञेत ती फाइल उलगडणारी आज्ञा लिहून शेवटी उभी रेघ दिली की मट आज्ञा चालवतो आणि तिचं उत्तर कॉन्फिग म्हणून वाचतो. पासवर्ड डिस्कवर उघडा कुठेच राहत नाही. कॉन्फिग फाइल मग बेधडक कुणालाही दाखवता येते.

## मराठी मेलचं काय होतं?

पाठवण्यात आणि मिळण्यात काहीच अडचण नाही. मट देवनागरी मजकूर यूटीएफ-8 मध्ये पाठवतो आणि समोरच्याला नीट दिसतो. अडचण आहे ती आपल्याच पडद्यावर. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या चौकोनांची जाळी, एका चौकोनात एक अक्षर या हिशेबाची. आपली जोडाक्षरं आणि वेलांट्या या हिशेबात बसत नाहीत. मग 'क्ष' फुटलेला दिसतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते, कर्सर एका जागी आणि अक्षर दुसऱ्या जागी. हा दोष टर्मिनलचा आहे, त्यामुळे मट किंवा विमच्या सेटिंगशी झगडू नका. दुसरं टर्मिनल वापरून बघा. एमएलटर्म हे भारतीय लिप्यांचा विचार करून बनवलेलं आहे.

दुसरी अडचण टाइप करताना येते. कीबोर्ड मराठीवर असताना 'डी' दाबलं तर मटपर्यंत वेगळंच अक्षर पोचतं आणि काहीच होत नाही. विममध्ये तर प्रत्येक परिच्छेदानंतर कीबोर्ड इंग्रजी, मग परत मराठी, अशी कसरत. विमच्या 'कीमॅप' या सोयीने ती टळते. सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि कोणत्या इंग्रजी बटणाला कोणतं देवनागरी अक्षर, याची छोटी फाइल विमला द्यायची. ती फक्त लिहिण्याच्या अवस्थेत लागू होते. एस्केप दाबलं की आज्ञा आपसूक इंग्रजीत. कंट्रोल आणि ^ ने ती चालू-बंद होते. लिनक्सवर भाषा बदलून टाइप करायला फसिटिक्स हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी विमचं एक प्लगइन हेच काम कीबोर्ड बदलून करतं.

तरीही लांबलचक मराठी मजकूर मी टर्मिनलमध्ये लिहा म्हणणार नाही. 'एडिटर' सेटिंगमध्ये विमऐवजी जीविम, म्हणजे त्याचं स्वतःच्या खिडकीतलं रूप, दिलं तरी मट खूश असतो. फक्त सोबत उणे एफ द्यावं लागतं, नाहीतर जीविम लगेच मागे सरकतो आणि मटला वाटतं लिहून झालं.

## कुणाची तरी तयार कॉन्फिग उचलली तर?

काम होईल, पण मोह आवरा. चारशे ओळींच्या त्या फाइलीत दुसऱ्याच्या सवयी असतात. त्याला रोज सहाशे मेल येत असतील, त्याने 'डी' बटण भलत्याच कामाला लावलं असेल. एक दिवस काही बिनसलं की चारशेपैकी कोणत्या ओळीने ते कळणार नाही. एक टोचलं की एक ओळ लिहा, वर चौकटचिन्ह (#) देऊन कशासाठी लिहिली त्याची टीप ठेवा. तरी काही बिघडलंच तर मट 'उणे एन' आणि 'उणे कॅपिटल एफ'पुढे रिकाम्या फाइलीचा पत्ता देऊन चालवा. सगळ्या कॉन्फिग बाजूला ठेवून तो कोरा उघडतो. तिथेही तोच त्रास असेल तर तुमच्या ओळी निर्दोष.

बटणांच्या पलीकडे मटची खरी ताकद शोधण्यात आहे आणि तिला एकही सेटिंग लागत नाही. 'एल' दाबून ~ आणि 'एफ' लिहून नाव दिलं की फक्त त्या माणसाचे मेल उरतात. ~ आणि 'डी', मग > आणि 30, मग परत 'डी' असं दिलं की महिन्यापेक्षा जुने. कॅपिटल 'टी' ने अशाच अटीवर सगळ्यांना खूण करायची, अर्धविराम दाबायचा आणि पुढे एकच आज्ञा द्यायची. शेकडो जुन्या सूचना एका दमात वेगळ्या फोल्डरात जातात. यादी पूर्ववत करायला परत 'एल' आणि 'ऑल'.

आता न होणाऱ्या गोष्टी. मीटिंगचं निमंत्रण आलं तर स्वीकारायचं बटण इथे नाही. एक मेल लिहिताना दुसरा बघायचा तर मट 2.0 पासून एडिटर मागे ठेवायची सोय आहे, पण तिला थोडी जुळणी लागते. एर्क या 2019 मधल्या नव्या क्लायंटमध्ये टॅब आहेत, तिथे हे जास्त सहज होतं. फोनवर मट सोयीचा नाही, पण त्याची गरजही नाही. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो, त्यामुळे फोनवर नेहमीचं ॲप चालू ठेवा. निमंत्रणं तिथे स्वीकारा, चित्रं तिथे बघा, आणि वीस जणांना उत्तरं लिहायची असतील तेव्हा मट उघडा.